गुलमर्गला निघालात? आधी बाइंडिंगचा आकडा बघा

मी नागपुरात फिजिओथेरपी करते. दर हिवाळ्यात गुलमर्ग नाहीतर औलीहून परतलेले सुजके गुडघे माझ्याकडे येतात, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे. जॅकेट, मोजे, गॉगल यांसाठी आपण अख्खी सीताबर्डी पालथी घालतो, आणि तिथे भाड्याच्या स्की मात्र पाच मिनिटांत पायात चढवतो.

बूट स्कीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. त्यावरच्या छोट्या खिडकीत आकडा दिसतो, त्याला डिन म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकं बाइंडिंग उशिरा सुटतं. तो ठरतो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता यावरून. तळाची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. दुकानदाराला वजन खरं सांगा, पन्नाशी ओलांडली असेल तर तेही सांगा, कारण त्या वयात आकडा खाली आणतात. पहिल्यांदाच जात असाल तर ‘शिकाऊ’ म्हणायला लाजू नका. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिलेला असू शकतो, तेव्हा तुमच्यासमोर बदलून घ्या. तळ झिजलेलं बूट परत करा. तेही नीट सुटत नाही. स्की हनुवटीपर्यंतची पुरे, लांब स्की नवख्याला वळवता येत नाही. आणि बाइंडिंगमध्ये पाय घालण्याआधी दर वेळी तळाचा बर्फ झटकायचाच.

पण आकडा बरोबर असला की गुडघा वाचला, असं मुळीच समजू नका. बुटाचं टोक बाजूला वळलं किंवा टाच वर उचलली गेली, तर बाइंडिंग सुटतं. नडगी आणि घोटा वाचवायला ते केलेलं आहे. एसीएल हे गुडघ्यातलं लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) बहुतेकदा वेगळ्याच तऱ्हेने फाटतं. माणूस मागे कलतो, बूड गुडघ्यांच्या खाली जातं, उताराकडच्या स्कीची शेपटी आतल्या कडेवर बर्फात रुतते आणि नडगी आत पिळली जाते. हा पीळ बाइंडिंगला कळतच नाही. बायकांमध्ये बाइंडिंग न सुटता गुडघा जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे, हे मैत्रिणींनो, लक्षात असू द्या.

म्हणून पडायला शिका. तोल मागे गेला तर हात पुढे आणा, पाय जवळ घ्या आणि पडा. घसरत असताना उठायची धडपड करू नका, पाय ताठ करू नका. पूर्ण थांबल्यावरच उठा.

तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करा. आपलं नागपूर सपाट, त्यामुळे सेमिनरी हिल्सचा उतार रोज सावकाश उतरा. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचला. हेच स्नायू नडगीला पुढे सरकू देत नाहीत. दुपारनंतर मांड्या थरथरायला लागल्या की त्या दिवसाचं स्कीइंग संपलं.

पडताना गुडघ्यात ‘टप्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा सुजून भरला, तर चालता येतंय म्हणून पुन्हा स्कीवर चढू नका. बर्फाने शेका, पट्टी बांधा, मालिश अजिबात नको, आणि नागपूरला पोचल्याबरोबर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.