पिकअपचं ॲव्हरेज अचानक पडलं? आधी डीपीएफ बघा

वाशीच्या एपीएमसीत माल भरायचा, ठाणे-बेलापूर रोडवर रांगत जायचं, दुकानापाशी इंजिन चालू ठेवून थांबायचं. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल पिकअपला हे मानवत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात ती काजळी साठते. ती जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, त्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल वापरते. मध्येच इंजिन बंद केलंत की काजळी जाळायचं काम अर्धवट राहतं, पुढच्या फेरीला पुन्हा तेच. ॲव्हरेज पडतं ते असं, आणि बोल मात्र पंपवाल्याला!

डीपीएफचा दिवा लागला की पहाटे सायन-पनवेल हायवेला घ्या, खालच्या गिअरमध्ये आरपीएम थोडा चढा ठेवून वीसेक मिनिटं न थांबता चालवा. दिवा विझला नाही किंवा लुकलुकू लागला, तर थेट वर्कशॉप.

इंजिन ऑइल मोजायची डिपस्टिकही बघत जा. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, त्यात डिझेल उतरलंय, ऑइल बदला. डीपीएफ काढून टाकायचा सल्ला देणारे गॅरेजवाले भेटतील, पण मग पीयूसी आणि पासिंगला अडकाल.

ॲव्हरेज मोजायचं तर टाकी फुल ते टाकी फुल. मीटरवरच्या आकड्यावर माझा तरी भरवसा नाही.