स्वतःचा राऊटर जोडला आणि नेट गेलं? बिघाड असा शोधा

लॅमिंग्टन रोडवरून चांगला राऊटर आणला, इंटरनेट कंपनीच्या डब्याला जोडला. फोनवर वाय-फायचं नाव दिसतं, पासवर्डही लागतो, पण खाली शब्द उमटतात: 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. राऊटर परत करायला लगेच ग्रँट रोड गाठू नका. फोन आणि राऊटर यांचं जमलंय, एवढं त्या संदेशावरूनच कळतं. अडलंय ते राऊटरच्या पलीकडे, आणि तिथला बिघाड बऱ्याचदा सेटिंगचा असतो, यंत्राचा नसतो.

आधी कंपनीचा डबा ओळखा

आपण सरसकट 'मोडेम' म्हणतो, पण मुंबईत घरोघरी वेगवेगळ्या वस्तू असतात. फायबर असेल तर बारीक वायर आणि बहुधा हिरव्या टोकाचा प्लग असलेला ओएनटी, म्हणजे फायबरमधला प्रकाशाचा सिग्नल लॅन केबलवर आणणारा कंपनीचा डबा. जुन्या इमारतींत अजूनही जिन्यातल्या पेटीतल्या स्विचमधून थेट लॅन केबल घरात येते, तिथे मोडेम नसतोच. काही घरांत फोनच्या वायरीवरचं डीएसएल आहे. तसं असेल तर नव्या राऊटरमागे टेलिफोनची छोटी खाच आहे की लॅन केबलची रुंद खाच, ते खोका उघडण्यापूर्वीच बघा. फक्त टेलिफोनची खाच 'इंटरनेट' म्हणून वापरणारा राऊटर फायबरच्या डब्याला तसा उपयोगी पडत नाही.

ओएनटीवर स्वतःचं वाय-फाय असेल तर तो नुसता मोडेम नाही, बहुतेक करून राऊटरच आहे. म्हणजे घरात आता दोन राऊटर झाले. पुढचे बरेच घोळ इथूनच सुरू होतात.

राऊटर बाजूला ठेवून लाइन तपासा

लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि लॅन केबलने तो थेट कंपनीच्या डब्याला लावा. नेट चाललं तर लाइन ठीक आहे. नाही चाललं तर ओएनटीवरचा 'एलओएस' दिवा बघा. तो लाल असेल तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत पोचत नाही. कपाटामागे फायबर मुडपली असेल, नाहीतर डक्टमध्ये उंदरांनी कुरतडली असेल. मग राऊटरच्या सेटिंगशी खेळून काही उपयोग नाही, केबलवाल्यालाच बोलवा. फायबरचा प्लग काढून आत डोकावू मात्र नका, त्यातला लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

डबा नुसता ब्रिज असेल, म्हणजे स्वतः लॉग-इन न करता सिग्नल फक्त पुढे पाठवत असेल, किंवा स्विचवरून थेट केबल आली असेल, तर लॅपटॉपवरही युजरनेम-पासवर्ड टाकल्याशिवाय नेट चालणार नाही. तेवढ्यावरून लाइन मेली असं समजू नका.

केबल आणि चालू करायचा क्रम

ओएनटीच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल तुमच्या राऊटरच्या 'वॅन' (बाहेरून नेट येण्याची बाजू) किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या खाचेतच जायला हवी. मग दोन्ही डबे बंद करा. आधी ओएनटी चालू करा, दिवे स्थिर होऊ द्या, नंतर राऊटर. कंटाळवाणं काम आहे, पण ते चुकवलं तर पुढची चाचणी फसवी निघते.

आता वॅनचा पत्ता वाचा

राऊटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, लॉग-इन करा आणि 'स्टेटस' पानावर 'वॅन आयपी' किंवा 'इंटरनेट आयपी', म्हणजे राऊटरला पलीकडून मिळालेला आकड्यांचा पत्ता, शोधा. निम्मं निदान या एका ओळीत असतं. त्यामुळे आधी ती वाचा, मगच सेटिंगला हात लावा.

तिथे ०.०.०.० दिसलं तर राऊटरला पलीकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल सैल असेल, पीपीपीओईचा (युजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडायच्या पद्धतीचा) तपशील चुकला असेल किंवा कंपनीने जुन्या यंत्राची ओळख बांधून ठेवली असेल.

१९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता आला आणि तुमच्या राऊटरचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ च असला, तर दोन्ही डबे एकच पत्त्यांची मालिका वाटून देत आहेत. ए विंगमध्येही ३०२, बी विंगमध्येही ३०२ आणि पाकिटावर विंगच लिहिलेली नाही, तसं हे. आपल्या राऊटरच्या 'लॅन' सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.५०.१ असा करा, सेव्ह करा आणि पुन्हा लॉग-इन करा. काही नवे राऊटर हा बदल आपणहून करतात, सगळे नाही.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर घाबरू नका. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते कमी पडू लागल्यावर २०१२ मध्ये हा पट्टा कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. त्यावर नेट नीट चालतं, फक्त घरातला कॅमेरा बाहेरून थेट उघडणं अवघड जातं.

दोन राऊटर नकोच असतील तर

माझं मत विचाराल तर फक्त वाय-फायची पोच वाढवायची असताना नव्या राऊटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये, म्हणजे तो नुसतं वाय-फाय पुरवेल असा, टाकावं आणि विषय संपवावा. हा मोड नसेल तर आधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ सारखा, ओएनटीच्या मालिकेतला पण कुणी न घेतलेला द्या, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा. सगळा कारभार तुमच्याच राऊटरकडे हवा असेल तर कंपनीला ओएनटी 'ब्रिज मोड'मध्ये टाकायला सांगावं लागतं.

पीपीपीओई आणि मॅक

ब्रिज मोडमध्ये किंवा थेट लॅन केबलवर बहुधा पीपीपीओई लागतं. त्याचं युजरनेम कंपनीच्या ॲपचं किंवा वाय-फायचं असेलच असं नाही, केबलवाल्याकडून वेगळं मागून घ्या. व्हीलॅन क्रमांक (एकाच केबलवरच्या सेवा वेगळ्या ठेवणारा आकडा) लागतो का, तेही त्याच फोनवर विचारा. एकाच खात्यावर सहसा एकच यंत्र जोडलेलं चालतं. ओएनटी अजून तेच युजरनेम वापरून जोडलेला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही तुमच्या राऊटरला नकार येईल.

मुंबईतले अनेक स्थानिक ऑपरेटर जोडणी एका मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात. जुन्या राऊटरवर चालणारं नेट नव्यावर अजिबात येत नाही, तेव्हा पहिला संशय याचाच घ्या. जुन्या राऊटरच्या खाली छापलेला मॅक नव्याच्या 'मॅक क्लोन'मध्ये टाका. तिथे दोन-तीन मॅक छापलेले असले तर वॅनचा घ्या.

व्हॉट्सॲप चालतं पण काही साइट अर्धवट उघडून अडकतात, असं होत असेल तर एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याची कमाल मर्यादा) १४९२ आहे का बघा. इथरनेटच्या १५०० बाइटांतले ८ पीपीपीओई स्वतः घेतो. आणि आकड्यांचा पत्ता पिंग होतो (त्याच्याकडून उत्तर येतं) पण नावाने साइट उघडत नाही, तर डीएनएसमध्ये (नावावरून आकड्यांचा पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला.

तरीही नाही जमलं तर

ओएनटीच्या मागचं बारीक भोक टाचणीने दाबू नका. तो रिसेट झाला की कंपनीने भरलेल्या सेटिंगही पुसल्या जाऊ शकतात आणि मग माणूस घरी येईपर्यंत घरात काहीच चालत नाही. त्यापेक्षा फोन करून नेमकं सांगा: "दादा, लॅपटॉप थेट लावला की नेट येतं, राऊटरवर वॅन आयपी शून्य दाखवतंय, जुना मॅक काढून नवा टाकता का?" नव्या राऊटरचा मॅक आधीच कागदावर लिहून ठेवा आणि पलीकडचा माणूस हो म्हणाला की फोन चालू असतानाच राऊटर बंद करून पुन्हा लावा.