तारखेत पण माया ठेवा: छोट्या दुकानात गिऱ्हाईक टिकवायच्या आमच्या सवयी

ब्लाऊज शिवताना आत शिवणीला जास्तीचं कापड सोडतो ना, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं की उसवून ब्लाऊज मोठं करता येतं. परळला आमचं फॉल-पिको आणि ब्लाऊजचं छोटं दुकान आहे, दोन मशीन, एक कारागीर, एक हाताखाली मुलगी आणि मी. कापडात माया सोडायला आम्ही कधी विसरलो नाही, पण गिऱ्हाइकाला तारीख देताना कित्येक वर्षं जरासुद्धा माया सोडत नव्हतो, ताई विचारायच्या "शुक्रवारी मिळेल ना" आणि तोंडातून निघायचं "हो हो मिळेल", मग शुक्रवारी "उद्या या", शनिवारी "हुक लावायचे राहिलेत, संध्याकाळी या". ती बाई ऑफिसातून दमून, लोकलमधनं उभ्याने येऊन, स्टेशनवरून दुकानापर्यंत वाट वाकडी करून येते आणि आपण तिला हात हलवत परत पाठवतो. शिलाई कितीही सुबक असू दे, तिच्या लक्षात हीच फेरी राहते. म्हणून मी आधी तारखेचंच सांगते, बाकी सगळं नंतर.

आम्ही आता काय करतो, तर काम हातात घेतल्यावर लगेच तारीख सांगत नाही. आधी वही उघडायची, त्या दिवशी किती नग द्यायचेत ते मोजायचं. आमचा कारागीर दिवसाला साधी ब्लाऊजं तीन नाहीतर चार काढतो, अस्तराची असतील तर दोनच, त्यामुळे त्या तारखेखाली तीन नावं पडली की ती तारीख बंद, मग ओळखीचं कोणी का असेना. आणि हिशोबाने जो दिवस येईल त्यात दोन दिवस घालून सांगायचं. हीच तारखेतली माया. पावसाळ्यात आम्ही ती चार दिवस करतो, कारण परळजवळ हिंदमाताला पाणी भरलं आणि लोकल बंद पडली की आमचा कारागीर लांब दिवा स्टेशनहून येऊच शकत नाही, हे दर जुलैत होतं, मग दर जुलैत "अहो पाऊस होता ना" असं सांगण्यात काय अर्थ आहे. नवरात्रीच्या नऊ रंगांची ब्लाऊजं तर आम्ही गणपतीआधीच घ्यायला लागतो आणि पितृपक्षात, जेव्हा बाकी धंदा थंड असतो, तेव्हा ती संपवतो. तुमचं दुकान कशाचंही असू दे, केक, मोबाईल रिपेअरिंग, चष्मे, लाँड्री, तुमच्या कामाचा खरा वेग एकदा आठवडाभर लिहून काढा. आपल्याला वाटतो त्यापेक्षा तो कमीच निघतो, आमचा तरी तसाच निघाला.

एवढं करूनही उशीर होतोच. तेव्हा गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी आपण कळवायचं. रोज संध्याकाळी पाचला आमची मुलगी उद्याची नावं वाचते, जे होणार नाही त्यांना लगेच व्हॉट्सअ‍ॅप, "काकू, तुमचं ब्लाऊज उद्या नाही होणार, परवा सात वाजता नक्की, उद्या फेरी मारू नका." वर एक फोन सुद्धा, कारण सगळ्या काकू मेसेज बघतातच असं नाही. आधी वाटायचं फोन केला की शिव्या पडतील. पडत नाहीत हो. बरं झालं कळवलंस म्हणतात. राग उशिराचा कमी आणि फुकटच्या फेरीचा जास्त असतो.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती झाली म्हणून बाकीच्या सवयी लागल्या. एका बाईंच्या मुलीचा रविवारी साखरपुडा होता, साडी शुक्रवारी रात्री न्यायला आल्या. काउंटरवर साडी उलगडली आणि हात थांबला त्यांचा. फॉल उलट्या काठाला लागला होता, म्हणजे पायाशी यायला हवा तो कमरेशी. कारागीर म्हणाला, "चालतंय हो, आत खोचलं जातं, दिसत नाही." त्या काही बोलल्या नाहीत, फक्त काठावरून बोट फिरवत राहिल्या आणि डोळे भरून आले. मला ते अजून दिसतं. मी कारागिराला गप्प केलं, म्हटलं ताई चूक आमची आहे, साडी ठेवून जा, उद्या सकाळी नऊला तुमच्या घरी आणून देते. रात्री बसून एकेक टाका उसवला, ओढून नाही, प्रत्येक टाका ब्लेडच्या टोकाने कापून, रेशमाला ओढलं की धागा येतो. नवीन फॉल लावला, सुईची भोकं दिसू नयेत म्हणून आतून पातळ फडकं ठेवून हलकी वाफ दिली. सकाळी नऊला त्यांच्या दारात. पैसे घेतले नाहीत आणि ते माझं मी आधीच सांगून टाकलं, त्यांना मागायला लावलं नाही.

तर चूक झाली की काय करायचं ते एवढंच आहे. पहिलं वाक्य "चूक आमची" असलं पाहिजे, "कारागीर नवीन आहे", "तुम्हीच नीट सांगितलं नाही" हे त्या क्षणी तोंडातून येता कामा नये, खरं असलं तरी. दुसरं, काय करणार आणि किती वाजता करणार ते लगेच. आणि पैशाचं आपणच काढायचं. आमच्या हाताखालच्या मुलीला मी सांगून ठेवलंय की दोनशे रुपयांपर्यंतचं काही असेल तर मला फोन करत बसायचं नाही, तू ठरव आणि परत दे, नाहीतर होतं काय, "मालकीण आल्या की बघू" म्हणून अजून एक फेरी त्या बाईला.

साडी उलटी का झाली ते शोधलं तर चिठ्ठी पडून गेली होती. टाचणीने लावलेली कागदाची चिठ्ठी इस्त्रीच्या वाफेत सुटते, भिजते, दुसऱ्याच साडीला चिकटते. आपल्या मुंबईत डबेवाले १८९० पासून डबे पोचवतायत, झाकणावर रंगाने काढलेल्या आकड्या-अक्षरांवरून कुठलं स्टेशन, कुठली बिल्डिंग, कितवा मजला ते कळतं, डबा हातोहात फिरतो पण चिठ्ठी हरवण्याचा प्रश्नच नाही. तेच बघून आम्ही मांजरपाटाचे दोन बोटांचे तुकडे कापले, त्यावर न जाणाऱ्या मार्करने नंबर, वार आणि काम लिहितो, उदाहरणार्थ "४२ शु फॉ", म्हणजे बेचाळीस नंबर, शुक्रवार, फॉल. तो तुकडा कच्च्या टाक्याने साडीला टाचायचा आणि खालच्या काठालाच टाचायचा, म्हणजे फॉल कुठे लावायचा हे पण त्यातच आलं. तोच नंबर वहीत, तोच पावतीवर.

साडी घेतानाच ती काउंटरवर पूर्ण उलगडून बघायची, गिऱ्हाइकासमोर. डाग, ओढलेला धागा, पदराचा सुटलेला गोंडा, जे असेल ते दाखवायचं आणि मोबाईलवर फोटो काढायचा. दोघांचीही सोय होते. फॉलचा रंग मात्र ट्यूबलाइटखाली कधीच ठरवू नका, दुकानाच्या पायरीवर उजेडात या आणि तिथे दाखवा, मोरपंखी आणि रामा हे दोन रंग ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. आणि सुती फॉल आधी भिजवून वाळवल्याशिवाय लावायचा नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडी खाली गोळा होते. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, म्हणून एक दिवस जास्त का लागतोय ते सांगायचं, कारण कळलं की लोक थांबतात.

बोलण्याबद्दल एकच गोष्ट पोटतिडकीने सांगते. माप घेताना अंगाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. "काकू वजन वाढलं हां", "बाळंतपणानंतर सुटलात", "इतक्या बारीक, काही खात नाही का", हे आपल्याकडे मायेपोटी बोलतात हे मला कळतं, पण पडद्याआड हात वर करून उभ्या असलेल्या बाईला ते लागतं. जुन्या मापाचं ब्लाऊज घट्ट होत असेल तर "दंडाला अर्धा इंच सैल ठेवू का, आरामात वाटेल" असं विचारायचं. माप आकड्यात, हळू आवाजात, वहीत. मोबाईल नंबर पण ओरडून विचारायचा नाही, वही पुढे करायची, त्या लिहितील. आणि नवीन ब्लाऊजचा फोटो स्टेटसला टाकायचा असेल तर विचारून, चेहरा दिसत असेल तर नाहीच.

बाकी बारीकसारीक पटापट सांगते. कोणी आत आलं आणि तुम्ही मशीनवर असाल तर मशीन थांबवून मान वर करा, "या ताई, दोन मिनिटं" एवढं पुरतं. सकाळी पहिलंच कोणी अल्टरला आलं तर "अजून बोहनी नाही झाली" असं तोंड करायचं नाही, आमच्याकडे जुनं काम सुधारून द्यायला सकाळचीच वेळ ठेवलीये, तेव्हा गर्दी नसते. सुट्ट्याच्या जागी चॉकलेट देणं बंद करा, नाण्यांचा डबा ठेवा, आणि दहाचं नाणं नाकारू नका, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय की त्याची १४ च्या १४ डिझाइन चालतात. यूपीआयचं पेमेंट अडकलं तर बाईला सगळ्यांसमोर "आलं नाही पैसे" असं मोठ्याने नका सांगू, जवळ बोलावून दोघी मिळून बघा, ओळखीची असेल तर जाऊ द्या, रात्री येतात पैसे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे ते घ्या. त्यात दुकानाची वेळ टाकता येते, बंद असताना आपोआप उत्तर जातं, आणि लेबलं लावता येतात, आम्ही "ट्रायल", "तयार", "पैसे बाकी" अशी तीन ठेवलीत. साडी तयार झाली की तयार झालेल्या साडीचाच फोटो पाठवायचा, नुसतं "या" नाही. फोटो बघितला की त्या निर्धास्त येतात.

आणि पावती द्याच. कितीतरी दुकानांत "एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असते, आमच्याकडेही होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीये, आणि खराब माल परत घ्यायला, सदोष सेवेचे पैसे परत द्यायला नकार देणं पण. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. शिलाई ही सेवाच आहे. गिऱ्हाईक १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवू शकतं. आम्ही ती पाटी काढली आणि पावतीच्या मागे छापून घेतलं, "फिटिंगमध्ये काही असेल तर १५ दिवसांत आणा, मोफत करून देऊ." मला भीती होती की सगळे उगाच परत आणतील. महिन्याला दोन-तीन येतात, त्यातलीही निम्मी खरंच आमचीच चूक असते.

शेवटचं राहिलं, न्यायला न आलेले कपडे. प्रत्येक दुकानात एक खण असतो असा. ते विकायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दुपारी नंबर लावतो, लागला नाही तर पावतीवरच्या बिल्डिंगमध्ये मुलगी जाऊन विचारून येते. गेल्या खेपेला एक पैठणी अशीच घरी गेली, काकू हॉस्पिटलमध्ये होत्या, सुनेला साडी कुठे दिलीये हेच माहीत नव्हतं. वरच्या खणात अजून चार साड्या आहेत, त्यातल्या दोघींचे नंबर बंद लागतात, त्यांच्या बिल्डिंगी री-डेव्हलपमेंटला गेल्यात, आता या रविवारी कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारायचंय की ती माणसं कुठे राहायला गेली.