सिंगापूरला कॉन्सर्टला जाताय? परतीचं स्टेशन आधी ठरवा

आवडत्या बँडसाठी सिंगापूर गाठलं, शो डोळे भरून पाहिला, पण नॅशनल स्टेडियममधून सगळी गर्दी एकदम बाहेर पडते आणि दारातल्या स्टेडियम स्टेशनावर रांगच हलत नाही.

ठाणे–नवी मुंबईकरांना यावरचा उपाय माहीत आहे. डी. वाय. पाटीलचा शो सुटला की नेरूळ सोडून जुईनगरकडे चालू लागायचं. तिथेही तेच करा:

१. हॉटेल स्टेडियमजवळ नको, मेट्रोच्या ईस्ट-वेस्ट लाइनवर घ्या. बुगिस, लॅव्हेंडर ही स्टेशनं सोयीची.

२. शो सुटल्यावर सरळ याच लाइनवरच्या कलांग स्टेशनपर्यंत चाला. रस्ता दुपारीच एकदा पायी पाहून ठेवा. रात्री मोबाइलचं नेटवर्क गर्दीत दगा देतं.

३. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशातले कॉन्टॅक्टलेस व्यवहार सुरू करा. मेट्रोच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवलं की झालं, तिकिटाची रांग नाही. गेटमधून आत जाताना आणि बाहेर पडताना कार्ड मात्र एकच वापरा.

मेट्रो साधारण मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. त्या दिवसाची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा, म्हणजे शेवटचं गाणंही निवांत ऐकता येईल.