संग्रहालयाचा कारभार नेमका कोण चालवते : नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आमच्याकडे उमेदवारीसाठी येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी विचारते, की या क्षेत्रात तुम्हाला कोण व्हायचे आहे. जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर एकच असते : क्युरेटर, म्हणजे संग्रहाचा अभ्यास आणि मांडणी पाहणारा अभिरक्षक. त्यात चूक काहीच नाही. 22 वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर घेऊन आले होते. मात्र मोठ्या सार्वजनिक कलासंग्रहालयाचा कारभार ज्या दहा-बारा जणांच्या हाती असतो, त्यांत क्युरेटर दोन किंवा तीनच असतात. बाकीचे काय करतात, त्यांचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याची कल्पनाच नसल्यामुळे चांगली, अभ्यासू मुले पहिल्या दोन वर्षांतच हिरमुसून निघून जातात, असे मी पाहत आले आहे. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

वरिष्ठांच्या बैठकीला मी प्रथम बसले, त्या दिवशी विषय एका लघुचित्राचा होता. दुसऱ्या शहरातील एका संग्रहालयाने प्रदर्शनासाठी आमच्याकडील एक दख्खनी चित्र लोनवर, म्हणजे काही काळापुरते उसने, मागितले होते. चित्र जेमतेम तळहाताएवढे. संचालकांना ते पाठवायचे होते आणि क्युरेटरांनी तसे टिपणही तयार केले होते. वस्तूंची जपणूक आणि डागडुजी पाहणाऱ्या संवर्धन विभागाच्या प्रमुख असलेल्या बाईंनी शांतपणे फाइल उघडली आणि गेल्या तीन वर्षांत हे चित्र किती महिने दालनात होते, याचा हिशेब वाचून दाखवला. कागदावरील चित्रांवर साधारणपणे 50 लक्सहून (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) अधिक प्रकाश पडू देत नाहीत आणि काही महिने मांडल्यानंतर ती बराच काळ अंधारात विसावू द्यावी लागतात, कारण प्रकाशाने उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. मग त्यांनी भिंगातून घेतलेले एक छायाचित्र टेबलावर ठेवले. चित्रातील स्त्रीच्या ओढणीवरचा पांढरा रंग एका कडेने पापुद्र्यासारखा सुटू लागला होता. संचालकांनी दोन प्रश्न विचारले, क्षणभर थांबले, आणि टिपणाच्या समासात 'पाठवू नये' असे लिहून खाली सही केली.

वयाने, पदाने आणि विद्वत्तेने त्या खोलीत सर्वांत मोठा असलेला माणूस एका छायाचित्रापुढे थांबला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट माझ्या मनावर कायमची कोरली गेली. तेव्हापासून कोणत्याही संग्रहालयाची अंगकाठी समजून घ्यायची असेल, तर तेथे 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे आणि तो मानला जातो का, हे मी आधी पाहते. पदांचा तक्ता त्यानंतर.

हा अधिकार कोठून येतो, हे कळण्यासाठी संस्थेची घटना वाचावी लागते. नव्या माणसाला हे काम रुक्ष वाटते, पण त्याला पर्याय नाही. मुंबईतील तीन संग्रहालये घ्या. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. शहरातील प्रतिष्ठित नागरिकांच्या पुढाकारातून ते उभे राहिले. 11 नोव्हेंबर 1905 रोजी त्याची कोनशिला बसली, 1909 साली कायद्याने त्याची व्यवस्था लावण्यात आली, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेलेली ती इमारत 10 जानेवारी 1922 रोजी संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. तेथे विश्वस्त मंडळ आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 पासूनचे. ते मुंबई महानगरपालिकेचे आहे. 2003 मध्ये महापालिका, वारसा-जतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, त्यातून त्या जीर्ण वास्तूचा आणि संग्रहाचा जीर्णोद्धार झाला आणि 2008 मध्ये ते पुन्हा उघडले. तिसरे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सर कावसजी जहांगीर सभागृहात 1996 पासून असलेली ही संस्था केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. तिन्ही ठिकाणी 'संचालक' हे पद आहे, पण एकाला विश्वस्तांना उत्तर द्यावे लागते, दुसऱ्याला महापालिका आणि देणगीदार या दोघांचाही मेळ घालावा लागतो, आणि तिसऱ्याला सरकारी नियम, निविदा आणि लेखापरीक्षण सांभाळावे लागते. नोकरीसाठी अर्ज करण्यापूर्वी हा फरक समजून घेतला, तर पुढे एखादा निर्णय महिनोन् महिने का अडला, हे कळते आणि त्याचा राग चुकीच्या माणसावर निघत नाही.

विश्वस्त म्हटले की देणगी मिळवून देणारी वजनदार मंडळी, असा समज असतो. देणगी महत्त्वाची आहेच. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आले नसते, तर मुंबईच्या वास्तुसंग्रहालयाचे आजचे रूप दिसले नसते. परंतु विश्वस्तांचे खरे काम मला वेगळे वाटते. संग्रहातील वस्तू कोणाच्याही मालकीच्या नसतात, संचालकाच्या तर नसतातच. त्या अद्याप जन्मालाही न आलेल्या माणसांसाठी सांभाळायच्या असतात, आणि ही आठवण खोलीत जिवंत ठेवणे हे विश्वस्तांचे काम. एखादे कुटुंब मोठा संग्रह देऊ करते आणि तो कायमचा एकाच दालनात, आमच्या नावासह मांडलेला राहावा अशी अट घालते, तेव्हा देणगी नाकारण्याचे धैर्य दाखवणारे विश्वस्त मी पाहिले आहेत. असे नकार बाहेर कोणाला दिसत नाहीत.

संचालक विद्वान असावा की प्रशासक, हा वाद जुना आहे. मुंबईच्या वास्तुसंग्रहालयात डॉ. मोतीचंद्र यांच्यासारखे भारतीय वेशभूषेचे आणि प्राचीन व्यापारी मार्गांचे मोठे अभ्यासक संचालकपदी होते. त्यांच्यानंतरच्या काळात सदाशिव गोरक्षकर यांनी ते पद अनेक वर्षे सांभाळले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने अलीकडे दोन्ही वाटा चोखाळून पाहिल्या. 2017 मध्ये टॉमस कॅम्पबेल पायउतार झाल्यावर तेथे अध्यक्ष डॅनियल वाइस मुख्य कार्यकारी झाले आणि 2018 मध्ये आलेले मॅक्स होलाइन संचालक म्हणून कलाविषयक बाजू पाहू लागले. 2023 मध्ये वाइस गेल्यानंतर दोन्ही जबाबदाऱ्या होलाइन यांच्याकडे एकत्र आल्या. माझे मत असे, की संचालक वस्तूंवर मनापासून प्रेम करणारा असावाच, परंतु ताळेबंद वाचता न येणारा संचालक शेवटी हिशेबनिसाच्या मुठीत जातो, आणि त्याचे नुकसान वस्तूंनाच सोसावे लागते.

आता ज्या पदाबद्दल कोणीच विचारत नाही, त्याकडे वळते. ते पद रजिस्ट्रारचे, म्हणजे वस्तूंच्या नोंदी आणि हालचाली सांभाळणाऱ्याचे. आपल्याकडे अनेक ठिकाणी हे स्वतंत्र पदच नसते, अभिरक्षकच नोंदींचे काम पाहतात. वस्तू दारातून आत आली, की तिला क्रमांक मिळतो. नोंदवहीत तिचे माप, माध्यम, कोणाकडून आली, कोणत्या कागदाने आली, हे लिहिले जाते. ती कपाटातून दालनात गेली, दालनातून छायाचित्रणाला गेली, तरी प्रत्येक हालचालीची सही होते. आता हे काम संगणकावर होते, आणि त्यासाठी आपल्या देशातील अनेक संग्रहालये वापरतात ती 'जतन' ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने घडवलेली आहे. तरीही जुनी हस्तलिखित नोंदवही कुलुपात असतेच आणि वाद निर्माण झाला की तीच उघडली जाते.

नोंदी नसल्या की काय होते, हे ब्रिटिश म्युझियमच्या प्रकरणात जगाने पाहिले. संग्रहातील वस्तू गहाळ झाल्याचे, चोरीला गेल्याचे आणि काहींची मोडतोड झाल्याचे त्या संस्थेने ऑगस्ट 2023 मध्ये जाहीर केले. हा आकडा सुमारे 2000 असल्याचे पुढे सांगण्यात आले, आणि त्यांतील पुष्कळ वस्तू म्हणजे नीट नोंद न झालेली लहान रत्ने आणि दागिने होते. बाहेरच्या एका जाणकाराने 2021 मध्येच सावध केले होते. त्या इशाऱ्याची हवी तशी दखल घेतली गेली नाही, हे मान्य करून संचालक हार्टविग फिशर यांनी पद सोडले. जगातील सर्वांत नामांकित संस्थांपैकी एका संस्थेच्या प्रमुखाला जावे लागले, ते कपाटातील अपुऱ्या नोंदींमुळे आणि वेळेवर न ऐकलेल्या एका इशाऱ्यामुळे. म्हणून नव्या मुलांना मी पहिले सहा महिने नोंदींच्या कामाला लावते. त्यांना ते शिक्षेसारखे वाटते, हे मला दिसते. पण संग्रहाची खरी ओळख तेथेच होते.

मी स्वतः हा धडा फार दुःखाने शिकले. माझ्या उमेदीच्या काळातील एका संस्थेत, तिचे नाव येथे सांगत नाही, भर पावसाळ्यात लागून तीन सुट्ट्या आल्या होत्या. विजेचे बिल फार येते म्हणून रात्री कोठारातील हवा कोरडी ठेवणारी यंत्रे बंद ठेवावीत, असे कोणीतरी तोंडी सांगितले होते. चौथ्या दिवशी कुलूप काढले, तेव्हा कुबट वास अंगावर आला. मांडणीतून पहिले तैलचित्र बाहेर ओढून मी उलटे केले, तर कॅनव्हासच्या पाठीवर राखाडी-हिरवट बुरशीचे ठिपके उमटले होते, नाण्याएवढे, कडेने मऊ केसाळ. एकामागून एक अशी 11 चित्रे निघाली. यंत्रे बंद करण्याचा निर्णय कोणाचा, हे शेवटपर्यंत ठरले नाही, कारण तो कोठेच लिहिलेला नव्हता आणि संवर्धकाला कोणी विचारलेही नव्हते. सर्वांत जास्त वेदना मला दुसऱ्या गोष्टीने झाल्या. रात्रपाळीच्या सुरक्षा रक्षकाला दुसऱ्याच रात्री दाराबाहेर तो वास आला होता. "मॅडम, सांगायचं कोणाला, ते माहीत नव्हतं," असे तो म्हणाला.

म्हणूनच आज ज्या व्यवस्थापक मंडळात मी बसते, त्यात सुरक्षा प्रमुख आणि इमारत-विद्युत विभागाचे अभियंता हे क्युरेटरांच्या बरोबरीने असावेत, असा माझा आग्रह असतो, आणि दालनातील परिचरांच्या नोंदवहीचे वाचन ही बैठकीची पहिली बाब असते. मुंबईसारख्या दमट शहरात आर्द्रतेचा आलेख समजणारा अभियंता हा कलेचा रक्षणकर्ता असतो, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते.

मोठी प्रदर्शने ही या सगळ्या रचनेची परीक्षा असते. ब्रिटिश म्युझियम, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि मुंबईचे वास्तुसंग्रहालय यांनी मिळून 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन नोव्हेंबर 2017 मध्ये मुंबईत भरवले, पुढे ते दिल्लीला गेले. दोनशेहून अधिक वस्तूंचे असे प्रदर्शन म्हणजे प्रत्येक वस्तूमागे करार, विमा, स्थिती-अहवाल (वस्तूवरील डाग, चिरा वगैरेंची नोंद), पेटी, वस्तूसोबत प्रवास करणारा संग्रहालयाचा माणूस म्हणजे कुरिअर, आणि तापमान-आर्द्रतेच्या अटी. पेटी आल्याबरोबर उघडत नाहीत. नव्या हवेशी जुळवून घ्यायला तिला साधारणपणे एक दिवस तशीच ठेवतात. भारतातून वस्तू बाहेर पाठवायची असेल, तर 1972 चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम लागू होतो. राजा रविवर्मा किंवा अमृता शेरगिल यांच्या कलाकृती तर त्याखाली विशेष संरक्षित आहेत. कायदा जाणणारा माणूस मंडळात नसेल, तर सुंदर कल्पना विमानतळावरच अडकते.

शिक्षण विभागाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर स्वतंत्रच लिहायला हवे. वास्तुसंग्रहालयाची 2015 पासून फिरणारी बस खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत वस्तू नेते, तेव्हा त्या वस्तूंची निवड शिक्षणाधिकारी, क्युरेटर आणि संवर्धक मिळून करतात. एकट्याने केलेली निवड एकतर मुलांना कंटाळवाणी ठरते किंवा वस्तूला धोक्याची.

शिकायचे कोठे, हा प्रश्न नेहमी येतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संग्रहालयशास्त्र विभाग 1952 पासूनचा, देशातील पहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेचे अभ्यासक्रम आता नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत चालतात. मुंबईच्या वास्तुसंग्रहालयातही पदव्युत्तर पदविका शिकता येते. रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेची माहिती अवश्य घ्यावी. राज्य सरकारची संग्रहालये पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. तेथील पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. वाणिज्य, विधी, अभियांत्रिकी शिकलेल्यांनाही येथे जागा आहे, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांना ते कोणी सांगत नाही. आणि मराठी मुलांनी मोडी लिपी शिकावी. चित्राच्या पाठीवरील दोन ओळी वाचता आल्या, की एखाद्या वस्तूचा हरवलेला इतिहास हाती लागतो आणि त्या खोलीत तुमच्या शब्दाला वजन येते, मग तुम्ही वयाने कितीही लहान असा.

मुलाखतीत आम्ही काय पाहतो, तेही सांगते. उमेदवारासमोर मी एक जुनी पितळी झारी, मोजपट्टी, टॉर्च आणि कोरा कागद ठेवते. झारी संग्रहातील नाही, सरावासाठीच ठेवलेली आहे. अर्ध्या तासात तिचा स्थिती-अहवाल लिहायचा असतो. बहुतेक जण नक्षीचे वर्णन पानभर करतात. गेल्या खेपेला निवड झालेल्या मुलीचा अहवाल जेमतेम 12 ओळींचा होता. तोटीच्या सांध्यावरील डाग, बुडाशी असलेला पोचा आणि कानाजवळची बारीक चीर, तिन्हींची मापे तिने दिली होती. शेवटच्या ओळीत तिने लिहिले होते : 'गळा अरुंद असल्याने आतील बाजू पाहता आली नाही; त्याबद्दल या अहवालावर विसंबू नये.'