देवनागरीत बोलकं पान मांडताना: डिझाइनच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षासाठी

एक्स्प्रेसिव्ह टायपोग्राफीची असाइनमेंट बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एक मजकूर घ्या, चित्र नको, फोटो नको, फक्त अक्षरं वापरा आणि पान बोललं पाहिजे. ग्रिड (पानाची आखणी), लीडिंग (ओळींमधलं अंतर), कर्निंग (अक्षरांच्या जोडीमधलं अंतर) तुम्हाला येतं असं धरून चालू. खरी अडचण मजकूर मराठी निवडला की सुरू होते. वर्गात शिकवलेलं निम्मं तंत्र रोमन लिपीच्या स्वभावावर बेतलेलं असतं. कॅपिटल आणि स्मॉलचा खेळ, इटॅलिक, सुटी सुटी पसरलेली अक्षरं यांतलं देवनागरीत जवळजवळ काहीच जसंच्या तसं चालत नाही. म्हणून पुष्कळ मुलं दुसऱ्या आठवड्यात मजकूर बदलून इंग्रजी घेतात. तसं करू नका. ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेचा आवाज तुमच्या कानात आधीच असतो, आणि या असाइनमेंटमध्ये कानच लागतो.

आता तो सापळा. यात जवळजवळ सगळे अडकतात आणि कित्येकांना तो ज्युरीच्या, म्हणजे काम तपासण्याच्या दिवशी भिंतीवर लावलेल्या प्रिंटवर पहिल्यांदा दिसतो. तो म्हणजे ट्रॅकिंग, शब्दातल्या सगळ्या अक्षरांमधलं अंतर एकसारखं वाढवणं किंवा कमी करणं.

रोमनमध्ये शब्द 'हवेशीर' करायचा तर ट्रॅकिंग वाढवतात. अक्षरं मुळात सुटी असल्यामुळे ती आणखी लांब गेली तरी शब्द टिकतो. देवनागरीत शब्दाला शिरोरेषा धरून ठेवते. ट्रॅकिंग वाढवलं की सॉफ्टवेअर प्रत्येक घटकानंतर, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी अशा सुट्या तुकड्यांनंतर, जागा टाकतं आणि ती रेषा जागोजागी तुटते. सॉफ्टवेअरप्रमाणे फट कधी दोन अक्षरांमध्ये पडते, कधी अक्षर आणि त्याचा काना यांच्यामध्ये. पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या दंडापर्यंत पोचत नाही, मध्येच लोंबकळते. 'ख' आणि 'रव' यांच्यातला आधीच नाजूक असलेला फरक धूसर होतो.

हे आकड्यांत बघा. ट्रॅकिंग एमच्या हजाराव्या भागात मोजतात; एक एम म्हणजे फॉण्टाच्या आकाराएवढी रुंदी. ७२ पॉइंटच्या शीर्षकाला २५ ट्रॅकिंग दिलं तर प्रत्येक फट १.८ पॉइंटची होते, म्हणजे ०.६ मिलिमीटरहून थोडी जास्त. ती डोळ्यांना स्पष्ट दिसते, पण मुद्दाम ठेवलेली वाटण्याइतकी मोठी नसते. छापखान्यात काहीतरी बिघडलं असावं असंच ते दिसतं. मुख्य मजकुरात तर आणखी वाईट होतं. १२ पॉइंटला १० ट्रॅकिंग म्हणजे ०.१२ पॉइंट, आणि ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका जवळपास तेवढाच असतो. म्हणून फट कुठे उमटते, कुठे उमटत नाही, आणि परिच्छेद डागाळल्यासारखा दिसतो. काही फॉण्टांमध्ये शिरोरेषेची टोकं एकमेकांवर किंचित चढवलेली असतात, तिथे छोटी फट झाकली जाते. त्यामुळेच एका फॉण्टात नीट दिसलेली फाइल फॉण्ट बदलल्यावर अचानक फुटते आणि कारण सापडत नाही.

कारण तीन ठिकाणी लपलेलं असतं. तिन्ही तपासा, रोज तपासा.

पहिलं ठिकाण पॅराग्राफ स्टाइल. सीनियरची फाइल घेऊन त्यात आपला मजकूर ओतला, तर इंग्रजी शीर्षकासाठी ठेवलेलं ट्रॅकिंग स्टाइलसोबत आपल्याकडे येतं. सीनियरच्या तयार फाइलीवर काम सुरू करणं हा या विषयातला सगळ्यात महाग शॉर्टकट आहे, हे माझं ठाम मत. दुसरं ठिकाण इनडिझाइन या पान मांडायच्या सॉफ्टवेअरचा जस्टिफिकेशन डायलॉग. तिथल्या लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्यच हवेत. ओळ भरायची तर वर्ड स्पेसिंगला मोकळीक द्या. तिसरं ठिकाण कर्निंग. तिथे 'ऑप्टिकल' निवडलं असेल तर सॉफ्टवेअर आकार पाहून अंतर ठरवतं, शिरोरेषा त्याला कळत नाही. 'मेट्रिक्स', म्हणजे फॉण्टातच ठरवून दिलेलं अंतर, ठेवा. आणि उणे ट्रॅकिंगही नको. त्याने रेषा तुटत नाही, पण काना पुढच्या अक्षरावर चढतो आणि 'रवा' हा 'खा' होतो.

मग शब्द पसरवायचाच असेल तर? मार्ग आहेत, आणि रोमनपेक्षा जास्त आहेत. शब्द अक्षरांच्या जागी फोडा, घटकांच्या जागी नाही: 'मा', 'णू', 'स'. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पूर्ण राहू द्या आणि मधलं अंतर किमान अर्ध्या 'म'एवढं ठेवा. तेवढं अंतर असलं की वाचणाऱ्याला ते हेतुपुरस्सर आहे हे कळतं. 'स्त्री'सारखं जोडाक्षर मात्र एकसंध राहतं, त्याचे तुकडे करायचे नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे रेषाच ताणणं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नसत. एका दमात बोललेलं, श्वास न घेणारं वाक्य पानभर एकाच शिरोरेषेवर चालवून बघा. तिसरा मार्ग रुंदी बदलणारा व्हेरिएबल फॉण्ट. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉण्ट करणाऱ्या संस्थेच्या 'अनेक'मध्ये रुंदी ७५ ते १२५ आणि वजन १०० ते ८०० असं सलग सरकवता येतं. अक्षर तिथे मुळातूनच रुंद रेखलेलं असतं, म्हणून दंड जाड-बारीक होऊन विद्रूप होत नाही. साधं हॉरिझॉन्टल स्केल १३० टक्के केलं की नेमकं तेच विद्रूप होतं.

शिरोरेषा पूर्ण काढून टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. करा, पण आधी हे बघा: 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ', 'थ' आणि 'य' या जोड्यांमध्ये रेषा कुठे तुटते हा मोठा फरक असतो. रेषा गेली की उरतं फक्त डावीकडचं छोटं वळण. दोन-तीन मोठ्या शब्दांना चालतं, परिच्छेदाला नाही.

फॉण्ट निवडताना नमुना म्हणून 'अआइई' टाइप करू नका. हे शब्द टाइप करा: आचाऱ्यांना, आचार्यांना, तऱ्हा, वाङ्मय, उद्ध्वस्त, हृदय, श्लोक, ॲप. पहिल्या दोघांत स्वयंपाकी आणि गुरुजी यांचा फरक आहे. अर्धा ऱ नीट नसलेला फॉण्ट मराठीसाठी बाद. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी निवडा; फॉण्टात सोय असेल तर रूप आपोआप बदलतं. आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडलेला आहे ना, ते बघा. तो नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात.

लीडिंगबद्दल थोडक्यात. रोमन कॅपिटलचं शीर्षक अक्षराच्या आकाराच्या ८५ टक्के लीडिंगवर घट्ट बसतं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. मुख्य मजकुराला १२ पॉइंटवर १८ पॉइंट लीडिंग द्या. शीर्षकात घट्टपणा हवाच असेल तर ओळी कुठे तोडायच्या ते हाताने ठरवा: वरच्या ओळीत उकार, ऋकार नको किंवा त्यांच्या खाली नेमकं मोकळं डोकं असलेलं अक्षर येऊ द्या. हा खेळ वेळ खातो, पण याच खेळातून शीर्षकाला आकार येतो.

आता पान. ए-फोर उभं, समोरासमोरची दोन पानं घ्या, प्रत्येकाला चारी बाजूंना १५ मिलिमीटर समास. मध्ये ४ मिलिमीटरची फट ठेवून ८ कॉलम केले तर प्रत्येक कॉलम बरोबर १९ मिलिमीटरचा येतो. १८ पॉइंटच्या बेसलाइन ग्रिडवर (ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतराच्या रेषांवर) ४२ ओळी बसतात. हे आकडे पवित्र नाहीत. पण ग्रिडशिवाय केलेलं 'मुक्त' पान बहुतेक वेळा नुसतं सांडलेलं दिसतं. जिथून सुटायचं ती चौकट आधी हवी.

समजा मजकूर एवढाच आहे: 'दार वाजलं. कोणी नव्हतं. पुन्हा वाजलं. या वेळी आतून.' पहिला विचार येतो तो 'वाजलं' १२० पॉइंटमध्ये, 'मोदक'सारख्या जाडजूड फॉण्टात, तीनदा. तो विचार कागदावर काढा आणि बाजूला ठेवा. हे वाक्य मोठ्याने वाचा: भीती आवाजात नाही, मधल्या शांततेत आहे. डाव्या पानावर वरून तिसऱ्या ओळीवर, दुसऱ्या कॉलमपासून, १२ पॉइंटात 'दार वाजलं.' मग वीस ओळी रिकाम्या, म्हणजे १२७ मिलिमीटर कोरा कागद. त्याखाली त्याच कडेला 'कोणी नव्हतं.' उजव्या पानावर 'पुन्हा वाजलं.' बरोबर डाव्या पानाच्या पहिल्या वाक्याच्या उंचीवर, वजन फक्त एक पायरी वर, रेग्युलरवरून मीडियम. उंची सारखी असल्यामुळे 'पुन्हा' डोळ्यालाच कळतं. आणि 'या वेळी आतून.' त्याच उजव्या पानाच्या तळाशी, शिवणीच्या अगदी जवळ, पुस्तकाच्या आतल्या बाजूला. कुठलंही अक्षर वाकवलेलं नाही. जागेनेच अर्थ सांगितला.

हे जमायला वेळ लागतो. पहिली दहा-बारा थंबनेल्स टाकाऊच निघतील, घाबरू नका, सगळ्यांची तशीच निघतात. थंबनेल अंगठ्याएवढीच काढा, पेन्सिलने, आणि अक्षरांच्या जागी काळे पट्टे. कट निब किंवा बोरू हातात धरून आठवडाभर नुसतं लिहिलंत तर अक्षराचं वजन कुठे असतं ते मनगटाला कळतं. दहा ट्युटोरियल्स पाहून ते कळत नाही.

संदर्भ म्हणून पिंटरेस्टच्या आधी मराठी नाटकांच्या जुन्या जाहिराती बघा. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं ज्या तऱ्हेने रेखली, त्यात नाव वाचायच्या आधी नाटकाचा सूर कळतो. र. कृ. जोशी यांच्या अक्षररचना शोधा. विंडोजमधला 'मंगल' फॉण्ट त्यांचाच, पण कविता आणि अक्षर एकत्र कसं बांधायचं हे त्यांच्या रचनांत दिसतं. बाहेरचं एकच बघायचं असेल तर फ्रेंच डिझायनर रॉबेर मासँ. १९६४ साली त्यांनी नाटककार आयनेस्कोच्या एका नाटकाच्या पुस्तकात प्रत्येक पात्राला वेगळं अक्षर दिलं आणि शब्द ताणण्यासाठी ते रबरावर छापून रबर ओढलं. पद्धत उचलू नका, कान उचला.

मार्गदर्शकाबद्दलही बोलायला हवं. 'फील येत नाहीये' एवढंच सांगणाऱ्याकडे वारंवार जाऊ नका. 'हे मला वाचून दाखव' म्हणणारा शोधा, तो ग्रंथपाल असला तरी चालेल. तुम्ही जिथे थांबता तिथे पानावर जागा नसेल, तर दुरुस्ती कुठे करायची हे त्याच क्षणी समजतं.

छपाईत तीन गोष्टी हमखास बिघडतात. मजकूर चार रंगांच्या मिश्र काळ्यात गेला तर रंग जरा सरकताच अनुस्वाराला सावली पडते. निव्वळ काळा १०० टक्के ठेवा. गडद पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर असेल तर बारीक मात्रा शाईने भरून जातात. वजन मीडियम आणि आकार किमान ११ पॉइंट घ्या. आणि अक्षरांच्या आउटलाइन्स करून, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून, त्यांना बॉर्डर किंवा पारदर्शकता दिली की शिरोरेषेवर प्रत्येक सांध्याला शिवण दिसते, कारण चढवलेली टोकं तिथे एकमेकांवर पडतात. पाथफाइंडरमधून युनाइट केलं की जाते, पण आधी जिवंत मजकुराची प्रत वेगळी ठेवा. नंतर शुद्धलेखनाची एक चूक सापडते आणि आउटलाइनमध्ये ती सुधारता येत नाही.

पुस्तिका पिना मारून शिवणार असाल तर पानं चारच्या पटीत हवीत. गोंदाच्या बांधणीत शिवणीकडचे ८-१० मिलिमीटर आत जातात, म्हणजे वरचं 'आतून' गिळलं जाईल. म्हणून पहिली डमी साध्या कागदावर, खऱ्या आकारात, खऱ्या बांधणीची करा, आणि ती सबमिशनच्या चार दिवस आधी करा. आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात 'फिट टू पेज' दाबलं गेलं की १२ पॉइंटचा मजकूर ११.३ होऊन येतो आणि डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. पट्टी सोबत न्या, १९ मिलिमीटरचा कॉलम मोजा, मगच बाकीच्या प्रती काढायला सांगा.