पाण्यातील बाष्पनशील रसायने मोजताना या चुका टाळा

बेंझिन किंवा क्लोरोफॉर्मचा आकडा अनपेक्षित आला की आपला पहिला संशय मास स्पेक्ट्रोमीटरवर (आयनांच्या वस्तुमानावरून रसायन ओळखणाऱ्या यंत्रावर) जातो, परंतु सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेला असताना मला दोष बहुतेक वेळा नमुन्याच्या बाटलीतच सापडला आहे.

पहिली चूक बाटली भरताना होते. नळाची धार बारीक करून, 40 मिलिलिटरची बाटली तिरकी धरून पाणी काचेच्या कडेने उतरू द्यावे आणि तोंडावर पाण्याचा फुगवटा आल्यावरच टेफ्लॉनचा थर असलेले झाकण लावावे. मग बाटली उलटी करून टिचकी मारावी. बुडबुडा वर सरकला, तर नवी बाटली घ्यावी, कारण रसायने पाण्यातून त्या हवेत निघून जातात आणि आकडा खोटा कमी येतो.

क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्यात याउलट घडते. उरलेला क्लोरीन बाटलीतही सेंद्रिय द्रव्याशी अभिक्रिया करत राहतो आणि क्लोरोफॉर्म वाढतच जातो. म्हणून रिकाम्या बाटलीत आधी सुमारे 25 मिलिग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालावे आणि पाणी भरल्यानंतरच हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 2 च्या खाली आणावा. हा क्रम उलटू नये. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम आहे, तेव्हा बाटलीत वाढलेला आकडा एखाद्या वस्तीच्या पाण्यावर नाहक ठपका ठेवू शकतो.

एकदा एका बोअरवेलच्या नमुन्यात मला टोल्युइन (91 वस्तुमानाचे आयन) ठळक दिसले. तक्रार लिहायला घेतली होती, तेवढ्यात सोबत नेलेली, शुद्ध पाण्याने भरलेली आणि वाटेत कुठेही न उघडलेली बाटली तपासली, तर तिच्यातही तेच. बर्फाची पेटी गाडीत जनरेटरच्या पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवली होती! तेव्हापासून अशा कोऱ्या बाटलीशिवाय मी नमुना घेत नाही.

प्रयोगशाळेत डायक्लोरोमिथेन हे द्रावक वापरले जात असेल, तर 84 आणि 49 चे आयन कोऱ्या पाण्यातही उमटतात; त्या द्रावकाची बाटली वेगळ्या खोलीतच उघडावी. जास्त प्रदूषित नमुन्यानंतर शुद्ध पाण्याची एक कोरी फेरी घ्यावी, नाहीतर ट्रॅपमध्ये (पाण्यातून काढलेली रसायने धरून ठेवणाऱ्या नळीत) अडकलेला अंश पुढच्या नमुन्यात उतरतो. यंत्रात 28 (नायट्रोजन) आणि 32 (ऑक्सिजन) ची शिखरे साधारण चारास एक या प्रमाणात वर आली, तर हवा गळत आहे असे समजून आधी जोडण्या तपासाव्यात.

नमुने 4 अंश सेल्सिअसला ठेवून, आम्ल घातलेले असल्यास, 14 दिवसांच्या आत तपासावेत.